पहिली फेक काठालगत

तळ्यावर पहिल्यांदाच गळ घेऊन आलेला माणूस हमखास एक चूक करतो. काठावर पाय रोवून उभा राहतो, रॉड खांद्यामागे नेतो आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून आमिष तळ्याच्या मध्यावर भिरकावतो. मध्यावर पाणी खोल, खोल पाण्यात मासा मोठा, असा त्यामागचा हिशोब असतो. टेक्ससमध्ये आल्यावर माझा पहिला उन्हाळा याच हिशोबात गेला. आमच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं चार-पाच एकरांचं तळं आहे. संध्याकाळी तिथे जायचं, लांबवर फेकायचं, रीळ फिरवत आणायचं, पुन्हा फेकायचं. बॅस एकही लागला नाही. ऑगस्टच्या अखेरीस तिथे रोज येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी मला थांबवलं आणि माझ्या डाव्या पायापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या पाणकणसांकडे बोट दाखवलं. आमिष तिथे नुसतं सोडा, म्हणाले.

मी सोडलं. मऊ प्लास्टिकचा किडा पाणकणसांच्या बुडाशी हलके हलके खाली जाऊ लागला. पाण्यावर सैल पडलेला तंगूस क्षणभर तसाच राहिला आणि मग आपोआप एका बाजूला सरकू लागला. कापडाच्या मागच्या बाजूने कोणी सुई ओढावी आणि आपल्याला फक्त दोरा जाताना दिसावा, तसा. रॉड उचलला तेव्हा टोक पाण्यापर्यंत वाकलं. बाहेर आला तो पाऊण किलोच्या आसपासचा, हिरव्या पाठीचा बॅस. मी ज्याला सबंध उन्हाळा तळ्याच्या मध्यावर शोधत होतो, तो माझ्या पायाशी होता.

काठावरून बॅस धरण्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा एवढाच आहे. बॅस हा काठाचा मासा आहे. होडी नाही म्हणून आपण कमी पडतो, हे मनातून काढून टाका. मोठमोठ्या जलाशयांवर स्पर्धेत उतरणारे मासेमारही दिवसातला बराच वेळ होडी उभी करून आमिष काठाकडेच फेकत असतात. त्यांना जिथे पोचायला इंजिन लागतं, तिथे तुम्ही चपला घालून उभे असता.

या प्रकरणात बॅस म्हणजे लार्जमाउथ बॅस. नाव सार्थ आहे: तोंड मिटलेलं असताना जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे गेलेलं दिसतं. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ, त्याचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. अंग हिरवट, पोट पांढरं आणि कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळपट, तुटक पट्टा. प्राणिशास्त्राच्या हिशोबाने तो खरा बॅस नाहीच. सनफिश कुळातला आहे. ज्या ब्लूगिलवर तो जगतो, तो ब्लूगिल त्याच्याच कुळातला. शास्त्रीय नावाचीही एक गोष्ट आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०२ साली या दोघांच्या वंशाला (जीनसला) मायक्रोप्टेरस, म्हणजे ‘लहान पराचा’, असं नाव दिलं. त्यांच्या हाती आलेल्या स्मॉलमाउथच्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता आणि उरलेला तुकडा त्यांना वेगळा, छोटा पर वाटला. एका जखमी माशामुळे पडलेलं ते नाव आजतागायत चालू आहे.

गळ टाकणाऱ्याने मात्र नावापेक्षा तोंडाकडे जास्त लक्ष द्यावं. बॅस भक्ष्याचा चावा घेत नाही. जवळ येतो, जबडा फाकतो, आणि तोंडात एकाएकी झालेल्या पोकळीत पाण्यासकट भक्ष्य खेचलं जातं. पाणी कल्ल्यांतून बाहेर, भक्ष्य आत. हे सगळं पापणी लवण्याआधी होतं. घेतलेली वस्तू नको वाटली तर तितक्याच झपाट्याने तो ती बाहेर फुंकतो. रॉडला झटका बसेल तेव्हा ओढू, असं म्हणत थांबलेल्या माणसाचं आमिष कितीदा तरी माशाच्या तोंडात जाऊन परत आलेलं असतं आणि त्याला पत्ताही नसतो.

मूळचा हा मासा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. वर महासरोवरांपासून खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत, मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि आग्नेयेकडच्या नद्यांत त्याचं घर. माणसाने तो सगळीकडे नेला, आणि आज अलास्का सोडला तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. तो काठावरच्या माणसाच्या इतक्या जवळ आला याचं श्रेय शेततळ्यांना द्यायला हवं. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी अमेरिकेच्या मध्य भागातली शेतं उजाड केली. त्यानंतर माती आणि पाणी धरून ठेवण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना तळी खोदायला प्रोत्साहन दिलं. त्या तळ्यांत मासे कोणते आणि किती सोडायचे, याचा पद्धतशीर अभ्यास अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी केला. त्यांच्या कामातून जे गणित रूढ झालं ते साधारण १० ब्लूगिलमागे १ बॅस असं आहे. ब्लूगिल किडे-अळ्या खाऊन भराभर वाढतात, बॅस त्यांची पिल्लं खाऊन त्यांना आवर घालतो, आणि तळं माणसाला वर्षानुवर्षं मासे देत राहतं. बॅस नसले तर तळं बोटभर ब्लूगिलांनी भरून जातं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. एका माणसाने नीट मोजमाप केलं आणि हजारो गावांतल्या मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर मासे मिळाले.

आता काठच का, ते पाहू. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून वनस्पती तिथेच उगवतात. वनस्पतींत किडे, किड्यांवर ब्लूगिल, बेडूक आणि क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंडाची छोटी बहीण. बॅस या सगळ्यांच्या शेजारी दबा धरून बसतो. पाठलाग करून दमण्यापेक्षा आडोशाला राहून झडप घालणं त्याला परवडतं. दुसरं असं की काठ ही त्याच्यासाठी भिंत असते. भक्ष्याला त्या बाजूने पळायला वाट नाही. म्हणून तो काठाला लागून असलेल्या कुठल्याही सीमेवर सापडतो: गवत संपून मोकळं पाणी सुरू होतं तिथे, सावली आणि ऊन यांच्या रेषेवर, दगड आणि चिखल जिथे मिळतात तिथे.

यासाठी पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा, असं मी सांगेन. तळ्याला एक पूर्ण फेरी घाला आणि नुसतं बघा. पाण्याची चमक मारणारा पोलराइज्ड चष्मा मिळाला तर घ्या. रॉडइतकाच तो उपयोगी आहे. पाण्यात कललेलं झाड कुठे आहे? मोरीचं तोंड कुठे उघडतं? पाऊस पडून गेल्यावर त्या मोरीतून ताजं पाणी, गांडुळं, किडे सगळं तळ्यात येतं आणि बॅसला ते ठाऊक असतं. बांधावर दगडाचं पिचिंग असेल तर त्याच्या फटींत क्रॉफिश राहतात. सांडवा, बोटींचा छोटा धक्का, कमळाच्या पानांचा गालिचा, पाणकणसांतली खिंड, काठाचा पाण्यात घुसलेला कोपरा, हे सगळं मनात टिपून ठेवा. आणि छोटे मासे घाबरून एकदम पाण्याबाहेर उसळताना दिसले तर ती जागा विसरू नका. खाली कोणीतरी त्यांच्या मागे लागलेलं असतं.

फेरी घालताना एक गोष्ट जाणवेल. दर वीस पावलांवर काठाजवळ पाणी गढूळ होतं आणि काहीतरी झर्रकन आत जातं. तुमच्या येण्याने पळालेला तो मासा. मासा पाण्याबाहेरचं जग एका गोल खिडकीतून पाहतो. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं आकाश त्याच्या डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावतं. क्षितिजालगतच्या गोष्टी या खिडकीच्या कडेला चेपून, अंधूक दिसतात. म्हणजे वाकून, काठापासून चार पावलं मागे राहिलात तर तुम्ही त्याच्या नजरेच्या कडेवर असता. कडेवर ताठ उभे राहिलात तर थेट त्याच्या आभाळात. पावलांचे हादरेही त्याला कळतात. कुशीवरच्या संवेदी रेषेने तो पाण्यातली बारीक थरथर टिपतो. मांजराच्या पावलांनी चला, सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि पहिली फेक काठापासून मागे राहूनच करा.

सामानाच्या दुकानात मात्र फार वेळ घालवू नका. भिंतभर रॉड आणि हजार रंगांची आमिषं पाहून नवशिका भांबावतो आणि नको ते घेऊन येतो. साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, त्याला २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि १० पौंड ताकदीचा तंगूस, एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. लहान मुलासाठी बटण दाबून सोडायचं बंद रीळ बरं. ते घराघरांत पोचवणारी झेबको ही ओक्लाहोमातल्या टल्सा इथली कंपनी. मुळात ती तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे बाँब बनवायची, आणि ‘झीरो अवर बाँब कंपनी’ या नावाच्या आद्याक्षरांवरून झेबको झाली. आर. डी. हल या कारागिराने आणलेल्या कल्पनेवरून १९४९ मध्ये तिथे पहिलं रीळ निघालं. त्याने दोरा गुंतत नाही, हाच त्याचा मोठा गुण, आणि आठ वर्षांच्या मुलाला तोच लागतो.

गाठ एकच शिका, पण डोळे मिटून मारता येईल इतकी शिका. तिला पालोमार गाठ म्हणतात. तंगुसाचं टोक वीतभर दुमडून दुहेरी करा आणि ती दुमड गळाच्या नेढ्यातून ओवा. मग त्या दुहेरी दोऱ्याची एक साधी, सैल गाठ मारा. गळ तिच्याखाली लोंबकळत राहील. आता दुमडीचा जो फास उरला त्यातून अख्खा गळ खालून बाहेर काढा. गाठ जिभेने ओली करा आणि दोन्ही दोरे एकत्र धरून सावकाश ओढा. ओली न करता ओढलीत तर घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो. चांगला मासा तुटून गेला की लोक तंगुसाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष कोरड्या गाठीचा असतो.

आमिषांपैकी मला सगळ्यात आधी सांगायचं आहे ते प्लास्टिकच्या किड्याबद्दल. १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम या माणसाने गांडुळाच्या आकाराचा मऊ प्लास्टिकचा किडा बनवला. हाताला तो जिवंत गांडुळासारखा लिबलिबीत लागायचा. पुढे क्रीम यांचा व्यवसाय टेक्ससमधल्या टायलरला गेला आणि तिथल्या झाडाझुडपांनी भरलेल्या जलाशयांवर या किड्याने मासेमारीच बदलून टाकली. बॅस तोंडात कडक लाकडी मासा फार वेळ धरत नाही. मऊ किडा तो क्षण दोन क्षण जास्त धरतो. नवशिक्याला हवे असतात ते हेच दोन क्षण.

या किड्याला गळ लावण्याच्या दोन पद्धती आल्या की काठावरची बहुतेक कामं होतात. पहिलीला वॅकी म्हणतात. पाच इंची, सरळ कांडीसारखा किडा घ्यायचा आणि गळ त्याच्या बरोबर मध्यातून आडवा टोचायचा. शिसं लावायचं नाही. पाण्यात पडला की तो आडवाच, संथ खाली जातो आणि त्याची दोन्ही टोकं थरथरत राहतात. तुम्ही काहीच करायचं नाही. काम गुरुत्वाकर्षण करतं. मोकळ्या काठाला, धक्क्याच्या सावलीत, कललेल्या झाडाखाली यासारखं दुसरं आमिष मला माहीत नाही.

दुसरी पद्धत टेक्सस रिगची, गवतासाठी. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं पाच-सहा ग्रॅमचं वजन तंगुसात ओवायचं, मग खांद्याजवळ वळण दिलेला ३/० आकाराचा गळ बांधायचा. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात पेरभर घालून कुशीतून बाहेर काढायचं, गळ सरकवत डोक्यापर्यंत आणायचा, अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगात रुतवायचं. किडा सरळ दिसला पाहिजे. वाकडा राहिला तर पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो आणि तंगुसाला पीळ पडतो. टोक अंगात दडलेलं असल्यामुळे हे आमिष पाणकणसांतून, फांद्यांतून न अडकता सरकत येतं. काठावरच्या माणसाला याचं महत्त्व अधिक, कारण अडकलेलं आमिष सोडवायला त्याला पाण्यात जाता येत नाही.

कमळाच्या पानांवर या दोन्हींपेक्षा पोकळ रबरी बेडूक बरा. पानांवरून तो उड्या मारत आणायचा आणि दोन पानांमधल्या मोकळ्या जागेत क्षणभर थांबवायचा. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या तलावांवर मरळ धरणाऱ्यांना हे सांगायला नको. मरळही असाच गवतात दबा धरणारा, आणि तोही बेडकावर असाच तुटून पडतो. दोन खंडांतले दोन अगदी वेगळ्या कुळांचे मासे, पण पाणगवतात राहून शिकार करायची म्हटल्यावर दोघांच्या सवयी एकसारख्या झाल्या. रंगांच्या बाबतीत डोकं शिणवू नका. बॅसला लाल आणि हिरवा हे रंग चांगले ओळखता येतात. काळा आणि गडद निळा यांत त्याचा गोंधळ होतो. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी किडा, गढूळ पाण्यात काळा किंवा गडद निळा, एवढं पुरे.

आता फेक. काठाकडे पाठ करून समोर फेकलंत तर आमिष बॅसच्या पट्ट्यातून शेवटचे तीन-चार हातच येतं. बाकीचा प्रवास रिकाम्या पाण्यातून होतो. तेच काठाला समांतर फेकलंत तर सगळीच्या सगळी फेक कामी येते. म्हणून पहिली फेक काठालगत डावीकडे, दुसरी काठालगत उजवीकडे, मग पंखा उघडावा तशी थोडी थोडी आत, आणि समोरची लांब फेक सगळ्यात शेवटी. पंखा पूर्ण झाला की दहा-पंधरा पावलं पुढे सरका. एका जागी तासभर बसून राहणं कॅटफिशसाठी ठीक आहे. बॅससाठी चालावं लागतं.

मासा लागला हे कळण्यासाठी रॉडपेक्षा तंगुसाकडे पाहा. पाण्याला तंगूस जिथे टेकतो तिथे नजर ठेवा. तो टचकन उडाला, बाजूला सरकला, किंवा अजून खाली जायला हवा असताना सैल पडला, तर आमिष तोंडात गेलेलं आहे. झटका देण्याची घाई मात्र करू नका. आधी रीळ फिरवून सैलपणा काढा, वजन जाणवलं की टेक्सस रिग असेल तर रॉड जोमाने वर घ्या. वॅकीला नुसता ताण दिला तरी गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. बॅस पाण्याबाहेर उसळी घेऊन डोकं झटकतो, आणि बहुतेक मासे सुटतात ते त्याच क्षणी. तो वर येतोय असं दिसलं की रॉड खाली, बाजूला न्या. ताण सोडू नका. रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगुसावरचा ब्रेक, इतकाच घट्ट ठेवा की हाताने जोरात ओढल्यावर तंगूस सुटला पाहिजे.

मासा हाती आल्यावर काय करता, यावरून तुम्ही कसले मासेमार आहात ते कळतं. हात आधी ओले करा. बॅसच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो. कोरड्या हाताने, टॉवेलने किंवा गरम वाळूवर ठेवल्याने तो निघून जातो. खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरला की मासा शांत होतो. दात खरखरीत असतात, कापत नाहीत. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. नुसत्या जबड्यावर आडवा धरून फोटो काढला तर त्याच्या वजनाने जबड्याला इजा होते. गळ पकडीने सोडवा. तुम्ही श्वास रोखून धरा आणि तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाला पाण्यात न्या. ही मोजपट्टी मला कुठल्याही घड्याळापेक्षा बरी वाटते.

धरून सोडून देण्याची ही रीत बॅसच्या जगात फार जुनी नाही. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी माँटगोमेरी तळ्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त, बॅस धरला. मंदीचे दिवस होते. मासा तोलला, नोंद केली, आणि घरच्यांनी तो खाल्ला. त्या वजनाला आजवर कोणी स्पष्टपणे मागे टाकलेलं नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेला बॅस एका औंसापेक्षाही कमी फरकाने जड भरला, आणि नियमाप्रमाणे विक्रम दोघांच्या नावावर बरोबरीत राहिला. पेरींनी मासा घरी नेला यात काहीच वावगं नव्हतं. पण पुढे मासेमारांची संख्या वाढली, आणि बॅस स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. आज अमेरिकेत बॅस धरणारे बहुतेक जण तो सोडून देतात.

खायचाच असेल तर राज्याच्या नियमात बसणारा लहान मासा ठेवा. बॅस अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्यामुळे मोठ्या, वयस्कर माशांत पारा साठतो, आणि अनेक राज्यं त्याबद्दल तलावागणिक सूचना देतात. त्या वाचा, विशेषतः घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर. मोठे बॅस बहुधा माद्या असतात. त्या पाण्यात असलेल्या बऱ्या.

वसंत ऋतूत पाणी १५ ते २४ अंश सेल्सियसच्या दरम्यान आलं की काठाजवळच्या टणक तळावर ताटाएवढे स्वच्छ गोल दिसू लागतात. ती नराने शेपटीने झाडून केलेली घरटी. मादी अंडी घालून जाते. नर अंडी आणि नंतर पिल्लं राखत उभा राहतो. त्याच्या समोर आमिष टाकलं तर तो भुकेने नव्हे, राखणीच्या रागाने ते उचलतो. त्याला बाहेर काढल्यावर काही मिनिटांत ब्लूगिल अंडी फस्त करतात. काही राज्यांत या काळात निर्बंध असतात, काही ठिकाणी नसतात. कायदा काहीही म्हणो, घरट्यावरच्या नराला मी हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मला मनापासून वाटतं.

बाकीचं वर्ष थोडक्यात. वसंताच्या सुरुवातीला उत्तरेकडचा काठ आधी तापतो, कारण त्याच्यावर दक्षिणेकडून ऊन येतं. तिथून सुरुवात करा. उन्हाळ्यात पहाट आणि दिवेलागण, भर दुपारी दाट सावली. शरद ऋतूत बॅस छोट्या माशांच्या थव्यांमागे ओढ्याच्या तोंडाशी जातो. थंडीत तो बांधाजवळच्या खोल पाण्यात सुस्तावतो आणि किडा आपल्याला असह्य वाटेल इतका सावकाश ओढावा लागतो.

निघण्यापूर्वी परवाना. तो प्रत्येक राज्याचा वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी घरबसल्या मिळतो. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, आणि राज्य उद्यानांच्या हद्दीत काठावरून मासे धरणाऱ्या मोठ्यांनाही लागत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबाला याहून चांगली सुरुवात नाही. तिथे बॅस ठेवायचा तर तो सहसा किमान १४ इंच लांब हवा आणि दिवसाला पाचच. काही जलाशयांचे नियम याहून वेगळे आहेत. परवान्याच्या पैशांबद्दल कुरकुर ऐकू येते, म्हणून सांगतो: १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावरचा केंद्रीय करही राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठीच दिला जातो. तुम्ही घेतलेल्या रॉडमधले काही पैसे त्याच पाण्यात परत जातात. वसाहतीतल्या तळ्यावर मात्र आधी परवानगी विचारा. दक्षिणेकडच्या राज्यांत काठावर पाय टाकण्याआधी नजर टाका. पाणसाप, लाल मुंग्यांची वारुळं आणि काही ठिकाणी मगरीचे भाऊबंद अ‍ॅलिगेटर असतात.

आपल्यातले काही जण इथल्या बॅसच्या प्रेमात पडून विचारतात, हा मासा आपल्याकडच्या धरणांत सोडला तर? कृपा करून असं मनातही आणू नका. जपानमध्ये १९२५ मध्ये हौसेने नेलेला बॅस तिथल्या मूळच्या छोट्या माशांच्या मुळावर उठला, आणि बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे धरलेला बॅस परत पाण्यात सोडायलाच बंदी घालावी लागली. बाहेरून आलेल्या चिलापीने उजनीत काय केलं ते आपण पाहिलंच आहे. खडस, मरळ, वाम यांच्या पाण्यात बॅसला जागा नाही. तो त्याच्या घरी, या तळ्यांतच शोभतो.

शेवटी काठाबद्दलच एक विनंती. काठावर सगळ्यात जास्त इजा करतो तो तुटलेला तंगूस. तो कुजत नाही, दिसत नाही, आणि बगळ्याच्या पायात किंवा कासवाच्या मानेत अडकला की त्यांना सोडवता येत नाही. खिशात झाकणाची एक रिकामी डबी ठेवा. आपला तुटलेला आणि दुसऱ्यांनी टाकलेला तंगूस तिच्यात घाला, घरी आणा, कात्रीने बोटभर तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका.